तुर्की पेपर मराठीत करून देणारं अ‍ॅप, साडेतीन स्टार

नाव सांगत नाही, पण भाषांतराचं अ‍ॅप घेतलंय. एमएला सायप्रसवर (भूमध्य समुद्रातलं बेट, उत्तरेला तुर्की भाग, दक्षिणेला ग्रीक) टिपण काढायचं होतं म्हणून रंकाळ्यावर बसून जुने तुर्की पेपर त्यात टाकत होतो. साधी बातमी लई भारी जमते, डिसेंबर 2003 ची उत्तर सायप्रसची निवडणूक, 50 जागा, बेट परत एक करायच्या यूएन प्लॅनच्या बाजूचे 25 आणि विरोधातले 25, एका दमात कळलं. अग्रलेख आला की गाडी पंक्चर. 'एबी' म्हणजे तिकडं युरोपियन युनियन, अ‍ॅप तसंच 'एबी' ठेवतंय, मला आधी रक्तगटच वाटला. आणि 'यावरु वतन' हे तुर्कांनी उत्तर सायप्रसला दिलेलं लाडाचं नाव, म्हणजे मायदेशाचं लेकरू, त्याचं केलंय 'पिल्लू देश', शेजारचा भेळवाला पण हसला राव. अरे सगळा जीव त्या शब्दात आहे की, लेकराला आपल्या वाटेनं जाऊ द्यायचं का नाही हाच तर वाद! एप्रिल 2004 ला यूएनच्या त्याच प्लॅनवर मतदान झालं, तुर्की सायप्रियट (सायप्रसचे तुर्की लोक) 65 टक्के हो म्हणाले, ग्रीक 76 टक्के नाही, आणि 1 मे ला सायप्रस युरोपियन युनियनमध्ये गेलं तेव्हा फायदा कुणाला, तर नाही म्हणणाऱ्यांना. पैशाचं व्हर्जन घेऊ नका, फुकटातलं पण पिल्लूच म्हणतंय, मी 3 महिन्यांचे भरून बसलोय.