उपकारस्मरणाची वही: जरूर घ्या, पण काही ओळी खोडून वापरा

देवाचे उपकार रोज लिहून ठेवण्यासाठी खास छापलेली ही वही. माझी पहिली भरून झाली आणि दुसरी अर्ध्यावर आली आहे. प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही. अशा धाटणीच्या वह्या आता बऱ्याच मिळतात, आणि मी इथे जे सांगणार आहे ते त्यातली कुठलीही घेताना पाहून घ्यावं असं आहे. मी रुग्णालयात परिचारिका आहे, बहुतेक रात्रपाळीला. ड्यूटी संपवून घरी आले की झोपण्याआधी ही वही उघडते.

आधी वस्तूबद्दल. आकार लहान, पिशवीत सहज मावतो. बांधणी शिवलेली आहे, त्यामुळे वही टेबलावर सपाट उघडी राहते. कागद मात्र पातळ आहे. जेल पेननं लिहिलं तर शाई मागच्या पानावर उमटते, म्हणून मी पेन्सिल वापरते. पानांवर तारखा छापलेल्या नाहीत, आपणच घालायच्या. मला हे फार आवडलं. तारखा छापलेल्या डायरीत चार दिवस राहून गेले की ती कोरी पानं अंगावर येतात आणि मग वही कपाटात जाते.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक पानावर वर बायबलमधलं एक वचन असतं आणि त्याखाली दोनच शब्द छापलेले असतात: ‘प्रभो, तू’. पुढचं वाक्य आपण पूर्ण करायचं. एवढ्याशा मांडणीमुळे ही वही बाजारातल्या इतर कृतज्ञता-डायऱ्यांपेक्षा वेगळी ठरते. त्यांत ‘आज मला छान वाटलं, कारण…’ असं लिहायचं असतं. लिहिण्याचा फायदा असतोच. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा 2003 सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात लोकांच्या एका गटाला दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितलं होतं. त्रास आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा हे लोक आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. चांगलंच आहे. पण उपकारस्तुती म्हणजे आपलं मन हलकं करण्याचा उपाय नव्हे. ती कुणाला तरी उद्देशून असते. ‘प्रभो, तू त्या बाळाचा श्वास पहाटे सुरळीत केलास’ असं लिहिताना मी मनाची नोंद करत नसते, मी प्रार्थना करत असते.

त्याच्या खाली एक छोटी चौकट आहे: ‘कोणाच्या हातून?’ देवाचा आशीर्वाद ज्या माणसाच्या हातून आपल्यापर्यंत आला, त्याचं नाव इथे लिहायचं. बायबलमध्ये ज्याची पत्रं आहेत तो प्रेषित पौल हेच करतो. त्याची बरीचशी पत्रं माणसांबद्दल देवाचे आभार मानून सुरू होतात. करिंथ शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, तट पडले होते, भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता, येशूच्या स्मरणार्थ एकत्र घ्यायच्या प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा बेशिस्त होती. तरी त्यांची कानउघाडणी करण्याआधी तो लिहितो की तुमच्याविषयी मी नेहमी देवाची उपकारस्तुती करतो. ज्या सहकाऱ्याशी माझं अजिबात जमत नाही, तिचं नाव या चौकटीत लिहायची वेळ माझ्यावर अनेकदा आली. त्या दिवशी तिच्याशी बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

महिन्याच्या शेवटी ‘मागे फिरा’ नावाचं एक पान आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांवर ते बेतलेलं आहे: येशूनं दहाही जणांना बरं केलं, पण आभार मानायला एकच परतला. महिन्याभराची पानं पुन्हा वाचायची, आणि ज्या मागणीचं उत्तर मिळालं पण आभार मानायचे राहिले, तिची नोंद करायची. मला या वहीतलं सगळ्यात मोलाचं पान हेच वाटतं. न परतलेल्या त्या नऊ कुष्ठरोग्यांना आपण फार चटकन कृतघ्न ठरवतो. खरं तर येशूनं त्यांना सांगितलं होतं, जा आणि स्वतःला याजकांना, म्हणजे पुरोहितांना, दाखवा, आणि ते सांगितल्याप्रमाणेच चालले होते. वाटेत जाता जाता ते शुद्ध झाले. काम आज्ञेतलंच होतं, रस्ता बरोबरच होता. त्यांच्यातला एकटा शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्याला परका मानत असा माणूस, मात्र तो रस्ता मध्येच सोडून परत आला, मोठ्यानं देवाचं गौरव करत येशूच्या पायांशी पालथा पडला. सेवेतल्या माणसांनी हे जरूर वाचावं. आम्ही सतत कुठल्या तरी चांगल्या कामाकडे धावत असतो आणि त्या धावपळीतच मागे वळायचं राहून जातं.

आता तक्रारी. दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

दर आठवड्याला एक प्रश्न छापलेला असतो. त्यातला एक पुन्हा पुन्हा येतो: ‘इतरांकडे नाही असं देवानं तुम्हाला काय दिलं आहे?’ हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी खोडला आहे. येशूच्या दाखल्यातल्या परूश्यानं, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या माणसानं, मंदिरात उभा राहून केलेली प्रार्थना आठवा. तिची सुरुवातच आभारानं होते: हे देवा, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो. मग तो उपास आणि दशमांश मोजून दाखवतो. नीतिमान ठरून घरी गेला तो मात्र दूर उभा राहून ऊर बडवणारा, लोक पापी समजत असा जकातदार. वॉर्डात हा मोह रोज समोर असतो. एखाद्या रुग्णाची अवस्था बघून बरोबरचे नातेवाईक हळूच म्हणतात, देवाची कृपा, आपल्यावर ही वेळ नाही. त्यांना दोष देत नाही, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून असं निघतं. पण पलंगावरच्या माणसाच्या दुःखावर टेकून उभा राहिलेला आभार देवाकडे कसा जाईल? माझे हात शाबूत आहेत तर ते त्याला कूस बदलायला मदत करण्यासाठी आहेत. प्रश्न असाच असायला हवा होता: देवानं दिलेलं कोणाबरोबर वाटून घेतलं?

दुसरी तक्रार वचनांच्या निवडीची. एका पानावर हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायातलं अठरावं वचन आहे, परमेश्वराच्या ठायी मी उल्लास करीन, असं. सुंदर वचन. पण त्याच्या आधीचं सतरावं गाळलं आहे! त्या वचनात संदेष्टा काय काय गेलं ते एकेक करून सांगतो. अंजिराला फुलोरा नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न पिकलं नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. इतकं सांगून झाल्यावर ‘तरी’ येतं. आधीचं सगळं काढून टाकलं तर या ‘तरी’ला अर्थ काय राहिला?

सबंध वहीत हेच झालं आहे. विलापाचं एकही स्तोत्र नाही. तेरावं स्तोत्र नाही, बाविसावं नाही, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर नाहीच. माझी आई गेली त्या आठवड्यात मी वही उघडली तेव्हा वर आनंदाचं वचन होतं आणि खाली ‘प्रभो, तू’. मी लिहिलं, ‘प्रभो, तू कुठे आहेस?’ आणि वही मिटली. त्या दिवशी बाविसाव्या स्तोत्रानं मला धरून ठेवलं. ते ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ इथून सुरू होऊन मंडळीमध्ये केलेल्या स्तुतीपर्यंत जातं. येशूनं वधस्तंभावर त्याच स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली. आणि ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं, त्याच रात्री त्यानं भाकर हातात घेऊन उपकारस्तुती केली होती. पुढे काय होणार ते त्याला ठाऊक होतं. ख्रिस्ती माणसाची उपकारस्तुती या रात्रीतून आली आहे. तिच्या वहीत रडायला जागा नसावी, हे मला पटत नाही.

म्हणून मी माझ्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर विलापाची काही स्तोत्रं हातानं उतरवून घेतली आहेत. कुणाला भेट देणार असाल, विशेषतः आजारी किंवा शोकात असलेल्या माणसाला, तर तुम्हीही तेवढं करून द्या. लहान मुलांसाठी ही वही नाही, ओळी बारीक आहेत आणि प्रश्न मोठ्यांचे आहेत. नव्यानं प्रार्थनेची सवय लावू पाहणाऱ्यांना मात्र मी हीच सुचवेन. प्रकाशकांना पत्र पाठवलं आहे की पुढच्या आवृत्तीत हबक्कूकचं सतरावं वचन छापा, तो तुलनेचा प्रश्न काढा आणि कागद थोडा जाड वापरा. तोपर्यंत तिसरी वहीसुद्धा मी हीच घेईन, ‘प्रभो, तू’ या दोन शब्दांसाठी आणि ‘मागे फिरा’च्या पानासाठी.