टाकं, कागद की नांद? नागपूरच्या परसातलं तळं ठरवताना

घरामागे दहा-बारा फूट जागा मोकळी आहे, तिथं छोटंसं तळं करायचंय, तर टाकं बांधू, शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरू की नुसती नांद ठेवू? हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. पावसाळ्यात सगळीच तळी छान दिसतात, म्हणून विचारतात. माझं म्हणणं असं, की नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी दोन वाजता त्या जागेवर पाच मिनिटं उभं राहावं. पाय भाजत असतील तर तिथं तळं नकोच. निंबाच्या किंवा भिंतीच्या दुपारच्या सावलीत सरका. सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळालं तरी कमळाला पुरतं.

मी पाच वर्षं नांद ठेवली, आता कागदाचं तळं आहे, आणि मेहुण्याच्या टाक्याची डागडुजी दरवर्षी पाहतो. त्यामुळे तिन्हींबद्दल थोडं थोडं बोलता येईल.

आधी जमीन बघा

पैशांचा हिशेब नंतर करा, आधी फावडं मारा. आपल्याकडे बऱ्याच प्लॉटवर काळी कापसाची माती आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशी भेगाळते की भेगेत मूठ जाते. विटा-सिमेंटचं टाकं या हालचालीत वाकत नाही, तडकतं, आणि तडा बहुतेक कोपऱ्यातच जातो. मेहुण्याचं टाकं दुसऱ्याच उन्हाळ्यात गळायला लागलं. गवंड्यानं वरून वॉटरप्रूफिंगचा हात दिला, पुढच्या मे महिन्यात शेजारी नवी रेघ. खाली दीड-दोन फुटांवर मुरूम लागत असेल, तळाला गिट्टी-मुरमाची भर देऊन लोखंडी जाळीचं काँक्रीट करणार असाल, तर टाक्यासारखं टिकाऊ काही नाही. नाहीतर काळ्या मातीत टाकं म्हणजे दरवर्षीचा गवंडी.

कागद म्हणजे शेततळ्याला वापरतात तो काळा, ५०० मायक्रॉनचा. तो जमिनीबरोबर थोडा हलतो, म्हणून काळ्या मातीत तोच बरा. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल खड्ड्यासाठी लांबीत आणि रुंदीतही दोनदा खोली मिळवा, वर काठाला दोन्हीकडे एकेक फूट सोडा. म्हणजे साधारण ४.१ बाय ३.६ मीटरचा तुकडा लागतो. खाली बोटभर रेती आणि जुनी पोती अंथरा, नाहीतर गिट्टीचं एक टोकही पुरतं. काठावरचा उघडा कागद उन्हानं कडक होऊन फाटतो, तो दगड-मातीखाली झाकलाच पाहिजे. आणि उंदीर! त्यांच्यावर माझ्याकडे उपाय नाही, फक्त तिथं खरकटं टाकू नका एवढंच सांगतो.

नांदेला जमिनीशी देणंघेणं नाही. सिमेंटची, गुरांना पाणी पाजायची असते तीच, तीनशे लिटरच्या आसपासची. अर्धी मातीत पुरली की पाणी बरंच थंड राहतं. भाड्याच्या घरात राहत असाल तर दुसरा विचारच करू नका.

उन्हाळा: खरी परीक्षा इथं

मे महिन्यात माझ्या तळ्याची पातळी रोज जवळजवळ सेंटिमीटरभर उतरते. तीन चौरस मीटरच्या तळ्याला हे रोजचं तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या. ऐकायला फार नाही, पण त्याच दिवसांत घरात दोन कूलर पाणी पीत असतात. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह धरण आटल्यामुळे नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळत होतं, हे विसरू नका. तेव्हा मी भाज्या धुतलेलं पाणीसुद्धा तळ्याला घातलं. नांदेला हेच गणित रोज अर्ध्या-पाऊण बादलीचं.

पण नांदेची खोड वेगळी आहे. पाणी कमी, त्यामुळे ते पटकन तापतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. त्यात रात्री वनस्पतीही ऑक्सिजनच खातात. म्हणून मासे दुपारी नाही, पहाटे मरतात; सकाळी उठून पाहावं तर सगळे वर तोंड काढून. नांदेत गप्पी जगतात, गोल्डफिश कसाबसा, कोई मुळीच नको. कोईसाठी निदान तीन फूट खोली आणि हलतं पाणी लागतं. ती हौस असेल तर नांद बाद, कागद किंवा पक्कं टाकंच.

पाणी हलवायला महागडं कारंजं घेऊ नका. १८ वॅटचा कूलरचा पंप रात्रभर चालवला तरी पाव युनिटसुद्धा पूर्ण होत नाही. तोंडाला स्पंज बांधा, आठवड्यातून एकदा पिळून काढा. वरून हिरवी जाळी एप्रिलपासूनच टाका.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. एप्रिलमध्ये पाणी हिरवंगार झालं म्हणून सगळं उपसून नळाचं ताजं पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत अकरा मासे गेले, क्लोरीननं आणि तापमानाच्या झटक्यानं. हिरवं पाणी म्हणजे घाण पाणी नाही. वरचा निम्म्याहून जास्त भाग पानांनी झाकला की शेवाळ आपोआप हटतं. बदलायचंच असेल तर चौथा हिस्सा, तोही ड्रममध्ये दोन दिवस ठेवलेल्या पाण्यानं.

पावसाळा आणि त्यानंतर

इथं नांदेची बाजू वरचढ. भरली की सांडते, बस्स. (गप्पीही सांडतात, म्हणून काठाखाली चार बोटं जाळी लावा.) कागदाच्या तळ्याची अडचण अजब असते: काळ्या मातीत खालून पाणी साचतं आणि कागद फुग्यासारखा वर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तळ्यात म्हैस बसल्यासारखं वाटलं. पावसाळ्यात तळं रिकामं ठेवायचं नाही आणि बाजूनं एक चर काढून द्यायचा, एवढं केलं की भागतं. टाक्याला ओव्हरफ्लोचा पाइप बांधतानाच टाकून घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत शिरला, त्या दिवशी परसातल्या तळ्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

डासांची भीती सगळ्यांना असते आणि ती खरी आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. मासे असतील तर अळ्या उरत नाहीत. डासांसाठी सोडतात तो गंबुशिया मासा मात्र घेऊ नका; तो बेडकांची पिल्लंसुद्धा खातो, आणि रात्रीच्या टरटरीशिवाय तळं कसलं? चतुर आपोआप येतात, त्यांची पिल्लंही अळ्यांवरच जगतात. वंचक बगळा मासे टिपायला येईल, खंड्याही येईल. त्यांना हाकलायचं की पाहत बसायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी पाहत बसतो.

थंडीत काम थोडं. डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर आला होता, तेव्हाही माझ्या नांदेतले मासे वाचले, फक्त खाणं सोडून तळाला बसले. कमळ झोपतं, पानं वाळतात. मेलं समजून उपटू नका. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चची निंबाची पानगळ जास्त छळते. सडलेली पानं पाण्यातला ऑक्सिजन खातात, त्यामुळे रोज सकाळी जाळीनं काढावी लागतात.

कमळाबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याच्या कंदाचं टोक कागद भोकसतं, म्हणून कागदाच्या तळ्यात ते रुंद कुंडीतच लावा. कुमुदिनीला ही भीती नाही. जलपर्णी कितीही फुलली तरी आणू नका, अंबाझरीवर तिनं काय केलं ते पाहिलंय. देशी कासवंही नकोत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती पाळता येत नाहीत.

घरात रांगतं मूल असेल तर मात्र नांदेवरसुद्धा लोखंडी जाळी हवी, आणि कागदाचं तळं दोन-तीन वर्षं पुढे ढकला.

बाकी कुणाला काय? पहिल्यांदाच करताय तर नांद, आणि एक पूर्ण उन्हाळा तिच्याबरोबर काढा. जमलं आणि हौस वाढली तर कागद. टाकं फक्त मुरमाच्या जमिनीवर, स्वतःच्या घरात. ते नोव्हेंबर-डिसेंबरात बांधा, कारण क्युरिंगला, म्हणजे सिमेंट ओलं ठेवायला, पाणी लागतं. शिवाय सिमेंटचा चुना निघायला केळीच्या खांबाचे तुकडे टाकून दोन-तीन आठवडे पाणी भरायचं नि उपसायचं असतं. कागदाचा खड्डा मात्र मे महिन्यात खणून ठेवा, पावसाळ्यात भरून जाईल. कमळाचा कंद फेब्रुवारीतच नांदेत लावा, खड्डा भरेपर्यंत पानं वर आलेली असतात.