पायाचं काळं शिलाई मशीन आणि जुन्या धाटणीचे कपडे : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

अंगरखा, बाराबंदी, खणाचं परकर-पोलकं, शेरवानी असं काही नाटकाला किंवा शाळेच्या कार्यक्रमाला घरीच शिवायचं म्हटलं की दुकानात आधी पुढे येतं ते पांढरं, वीस-पंचवीस टाक्यांचं झिगझॅग मशीन. आमच्याकडे या कामाला बरेच महिने पायाचं काळं मशीन आहे: लोखंडी स्टँड, गोल बॉबिन, सिंगर १५ पद्धतीची रचना आणि एकच सरळ टाका. एवढ्या वापरानंतर मत असं की या कपड्यांसाठी हेच घ्यावं. जुना बेत मुळात सरळ रेषांचा. चौकोन, पट्ट्या, तिरक्या कापलेल्या कळ्या. टक्स आणि गोलाई नावापुरती. इंटरलॉक (कड उसवू नये म्हणून मशीनने घालायचा वेढा) नव्हतं तेव्हा कडा आत दुमडून त्यावर दुसरी टीप मारत. अशा कपड्याला झिगझॅग कुठेच लागत नाही. लागतो तो थरांमधून न अडखळता जाणारा सरळ टाका, आणि त्यात हे मशीन पक्कं आहे.

दुमडून दुहेरी टीप मारायची रीत अशी. दोन्ही तुकड्यांना अर्धा इंच माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) ठेवायची, पहिली टीप मारायची, मग एका बाजूची माया पाव इंचापेक्षा किंचित कमी उरेल अशी कापायची, दुसरी तिच्यावरून दुमडायची आणि काठाला धरून दुसरी टीप. जाड खादीवर इथे चार थर होतात. कळ्यांचा जोड कमरेच्या जोडाला मिळतो तिथे आठेक थर साचतात. तिथे पाय मारत राहिलं की सुई वाकते, टाका चुकतो, कधी सुई मोडतेही. तेवढा भाग आधी लाकडी मोगरीने ठोकून चपटा करावा, १६ ची सुई काढून १८ ची लावावी आणि तो इंचभर चाक हाताने फिरवून पार करावा. मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, उंचवट्यावर चढताना मागे कलतो, म्हणून त्याच्या मागच्या बाजूखाली त्याच कापडाची घडी सरकवली की दाते कापड पुन्हा नीट ओढतात. हलक्या प्लास्टिकच्या मशीनवर एवढी जाडी हात चाचपडत न्यावी लागते; इथे ती जाते.

अंगरख्याचा हिशेब सविस्तर देते, कारण कापड कमी पडतं ते याच कपड्याला. छाती ३६ इंच धरली आणि ४ इंच सैलपणा दिला तर पाठ २० आणि वरचा आगा (पुढचा भाग) २० इंच. आतला पडदा, म्हणजे आग्याखाली येणारा तुकडा, ८ इंच. कमरेची टीप झाली ४८ इंचांची. १६ कळ्या घेतल्या तर प्रत्येक कळी वर तयार ३ आणि खाली ९ इंच. दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच माया धरून कापताना ४ आणि १०. म्हणजे १४ इंच रुंद पट्टीचा एक तिरका काप दिला की उलटसुलट दोन कळ्या निघतात. ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सुती कापड धुतल्यावर ४३ च्या आसपास येतं, त्यात अशा तीन पट्ट्या जेमतेम बसतात. एका उंचीत सहा कळ्या, म्हणजे सोळांना तीन उंच्या; कळीची उंची ३० इंच धरली तर ९० इंच कापड कळ्यांना गेलं. पाठ आणि आगा शेजारी शेजारी लावून १७ इंच, दोन्ही बाह्या २४, पडदा, बंद आणि बगलेचे तुकडे मिळून १६. बेरीज १४७ इंच, म्हणजे पावणेचार मीटर. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं, तेव्हा सव्वाचार मीटर आणावं. ३६ पन्ह्याची खादी असेल तर एका उंचीत दोनच पट्ट्या बसतात; हिशेब आधी कागदावर करून मगच दुकानात जावं. खालचा घेर, एकावर एक येणारा भाग धरून, १४४ इंच होतो, आणि रंगमंचावर तो छान फिरतो.

कळीची एक कड उभ्या धाग्यात असते, दुसरी तिरकी. तिरकी कड ताणते. तिरकी कड उभ्या कडेला जोडताना ती खाली, दात्यांच्या बाजूला ठेवायची. दाते खालचा थर जरा जास्त ओढतात, त्यामुळे ताणलेलं जास्तीचं कापड तिथेच जिरतं. उलट ठेवलं तर शेवटी वरची कड अर्धा इंच पुढे येते, आणि ती कापून टाकली की सोळा कळ्यांनंतर घेर एका अंगाने लोंबतो. कळ्या जोडून झाल्या की अंगरखा रात्रभर टांगून ठेवावा. तिरका धागा खाली उतरायचा तेवढा उतरू द्यावा, मग जमिनीपासून मोजून खालची कड सारखी करावी आणि तेव्हाच दुमडावी.

खरी परीक्षा बगलेतल्या चौकोनी तुकड्याची. कापताना ४ इंच, तयार ३ इंच. तो नसला तर हात वर करताच अंगरखा कमरेसकट वर चढतो, तलवारबाजीच्या प्रसंगात तर मुंढ्यातच फाटतो. चारही कोपऱ्यांवर कडेपासून अर्धा इंच आत पेन्सिलीने ठिपका द्यायचा. टीप ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतच. एक टाका पुढे गेला की कोपऱ्यात चुणी पडते, एक अलीकडे थांबला की भोक राहतं आणि पहिल्याच धुण्यात मोठं होतं. पायाच्या मशीनचा इथे मोठा उपयोग होतो: ठिपक्याच्या आधी तीन टाके राहिले की पायटा (पायाने हलवायची फळी) सोडून चाक हाताने फिरवायचं, सुई ठिपक्यातच खाली रुतवायची, मशीनचा पाय उचलायचा, खालचा थर बोटाने मागे सारून कापड वळवायचं, पाय खाली. मोटरवर हा शेवटचा टाका हमखास निसटतो.

मोटर बसवायची की नाही, हा प्रश्न सगळेच विचारतात. कळ्यांच्या लांब टिपांना मोटर बरी, वेळ निम्म्यावर येतो. पण स्वस्त फूट-कंट्रोल हळू चालवताना आधी घुमतो आणि मग एकदम उसळी घेतो. बारीक कामात ते चालत नाही. मोटर आणि पायटा दोन्ही ठेवता येतात, वापरताना पट्टा एकाचाच चढवायचा. तालुक्याच्या गावांत लाइट जाण्याचं काही सांगता येत नाही. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन किंवा १९ फेब्रुवारीची शिवजयंती तोंडावर आली आणि शाळेचे कपडे अर्धवट असले की पायट्याची किंमत कळते.

आता कापडांबद्दल. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) इतिहासावरच्या नाटकाला हिमरू, म्हणजे तिथलं सूत-रेशमाचं नक्षीदार विणीचं कापडच शोभतं, पण शिवायला ते नाजूक प्रकरण आहे. पाठीमागे नक्षीचे सुटे धागे तरंगत असतात. बांगडीत, दात्यात, बटणात ते अडकतात आणि पुढून नक्षी ओढली जाते. त्यामुळे अस्तर हवंच, पातळ सुती मलमलचं. कापलेली कड हाताळताना सुटत जाते, म्हणून माया पाऊण इंच ठेवावी आणि कापल्याबरोबर प्रत्येक तुकड्याला कडेपासून पाव इंचावर एक मोकळी टीप मारून घ्यावी. टाका इंचाला ८, म्हणजे ३ मिलिमीटर; बारीक टाक्याने कापड टिपेच्या रेषेत चिरतं. मशीनच्या पायावरचा दाबाचा स्क्रू दोन फेरे सैल करावा. आणि हिमरूच्या कळ्या कापू नयेत. वर सांगितलेल्या कापात निम्म्या कळ्या उलट्या पडतात, बुट्टे खाली डोकं वर पाय दिसतात. एका दिशेच्या नक्षीला सरळ पट्ट्या आणि चुण्या हाच मार्ग. मशरूलाही (वर रेशमाची चमक, आत सूत असं कापड) तेच: उलट्या कळीची चमक वेगळी पडते, उजेडात पट्टे दिसतात.

खणाचा पन्हा अरुंद, साधारण ३० इंचांच्या आसपास, आणि काठ दोन्हीकडे. परकरासाठी काठ खाली यायला हवा असेल तर कापड आडवं वापरावं लागतं, आणि मग परकराची उंची पन्ह्याएवढीच मिळते. लहान मुलीला पुरते. मोठ्या मुलीला वर वेगळी कमरपट्टी जोडावी. लाल आणि गर्द जांभळ्या खणाचा कोपरा ओला करून पांढऱ्या सुती कपड्यावर इस्त्रीने दाबून पाहा. रंग उतरला तर पांढरं अस्तर लावू नका. जुन्या पैठणीचा पदर वापरणार असाल तर ११ ची सुई, आणि जरीच्या काठातून टीप नेण्याऐवजी काठालगत नेणं बरं. जरीने सुईचं टोक लवकर बोथट होतं आणि बोथट सुई रेशमात धागा ओढते. इस्त्री मंद, वर सुती फडकं, पाणी न शिंपडता.

या मशीनचा कमकुवत भाग शेरवानीत दिसतो. निजामकाळातला प्रसंग असला की शेरवानी लागतेच. कॉलरला कॅनव्हास, बकरम (कडकपणासाठी आत घालायचं कापड), अस्तर आणि वरचं कापड एकत्र शिवताना वरचा थर पुढे सरकतो, कारण ओढणारे दाते फक्त खाली आहेत. आधी हाताने धावदोरा घालून सगळे थर बांधून घ्यावे. टाचण्यांनी भागत नाही. काजं तर मशीनवर होतच नाहीत. बाजारात या मशीनला बसणारं काजाचं अटॅचमेंट मिळतं. साध्या सुती कापडावर ते बरं चालतं, जाड थरांवर अडकतं. शेरवानीची काजं हातानेच करावी: आधी काजाच्या रेषेभोवती बारीक टीप, मग रेषा कापायची, कडेला जाड दोरा धरून त्यावरून काजटाका. वेळ जातो, पण दिसतं ते तेच खरं. ताणणाऱ्या होजिअरी कापडाचा तर विचारच सोडा, सरळ टाका त्यात तटातट तुटतो.

बंदांबद्दल दुकानी पोशाखात कायम हयगय दिसते, म्हणून लिहिते. सव्वा इंच रुंद, १४ इंच लांब पट्टी, चार पदरी घडी, काठाने टीप. जिथे बंद लावायचा तिथे मागे त्याच कापडाचा दीड इंची चौकोन ठेवून चौकटीची टीप मारायची आणि तिच्यात फुली. हा चौकोन नसला की बंद तुटत नाही, कापडच फाटून त्याच्याबरोबर येतं. बाराबंदीत हे बाराही ठिकाणी करावं.

कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा कारण वर असतं: दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो किंवा मशीनचा पाय खालीच केलेला नसतो. पाय वर उचलून दोरा ओवावा म्हणजे चकत्या मोकळ्या असतात आणि दोरा आत बसतो. बॉबिनचा ताण बघायचा तर डबी दोऱ्याला लोंबकळत धरावी; आपोआप घसरायला नको, हलका झटका दिल्यावर इंच-दोन इंच उतरावी. सुई उलटी बसली की टाके चुकतात. दोरा नेहमी सुईच्या लांब खाचेच्या बाजूने ओवायचा, एवढं लक्षात ठेवलं तर गोंधळ होत नाही. चाक आपल्याकडे फिरायला हवं. नव्या हाताने पायटा उलटा गेला की सुरुवातीलाच गुंता होतो. सुरू करताना चाकाला हाताने गती देऊन मग पाय मारावा. बिनधुतलेल्या खादीवर पॉलिस्टर दोऱ्याची टीप धुतल्यावर चुण्या पाडते, कारण कापड आटतं आणि दोरा आटत नाही. खादी रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा.

तेल मशीनचंच घाला. खोबरेल घालणारी घरं अजून आहेत. ते थंडीत थिजतं, पुढे चिकट होतं आणि उन्हाळ्याच्या धुळीबरोबर त्याचा लगदा बनतो. मग पायटा जड जातो आणि लोक म्हणतात मशीन बिघडलं. खादी शिवत असाल तर पाटी उघडून दात्यांमधला कापूस दर आठवड्याला ब्रशने काढा. तो दाबून दाबून घट्ट झाला की दाते वर येत नाहीत आणि टाका आपोआप बारीक होत जातो. चामड्याचा पट्टा वापराने सैल पडतो, चाक फिरतं पण सुई हलत नाही असं झालं की अर्धा इंच कापून पुन्हा हुकने जोडायचा.

सुट्या भागांची अडचण मराठवाड्यातल्या लहान गावांतही येत नाही, जुन्या शिंप्यांमुळे हे मशीन जाणणारा कारागीर सापडतोच. पण सुटी बॉबिन डबी घेताना ती आपल्या शटलवर बसवून, चाक फिरवून बघूनच घ्या. हलक्या प्रतीच्या डबीचा खिळा किंचित लहान-मोठा असतो आणि खडखड सुरू होते. जुनं मशीन विकत घेत असाल तर सुईची पाटी काढून भोकाच्या कडेवरून नख फिरवा. तिथे ओरखडे लागले तर आधीच्या वापरात सुया मोडल्या आहेत आणि तिथे दोरा कापला जाणार. पाटी बदलून द्यायला सांगा, किंवा बारीक पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करून घ्या, मगच पैसे द्या.