नवऱ्याला स्मृतिभ्रंश : वकील कोर्ट नाक्यावरचा की हायकोर्टातला?

ठाण्यात कोर्ट नाक्यावरचा वकील सोयीचा. फी बेताची, मृत्युपत्राच्या नोंदणीलाही सोबत येतो. पण नवऱ्याच्या नावावरचा फ्लॅट विकायचाय म्हटल्यावर तो "कुलमुखत्यारपत्र करू" म्हणाला, की सरळ उठावं. आपल्या वतीनं सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा हा कागद समज गेल्यावर करता येत नाही. आधी केलेलंही करार कायद्याच्या कलम 201 नुसार संपतं. (हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीशीच कळतं.)

मुंबई हायकोर्टात पालकत्वाचे अर्ज (समज गेलेल्या माणसाचे व्यवहार बघायचा अधिकार घरच्यांना मागणारे) चालवणारा महाग, वर फोर्टपर्यंत लोकलची दगदग. तरी त्याचा पहिलाच प्रश्न मला पटला: "ताई, तुम्ही आधी गेलात तर यांचं कोण बघणार?" म्हणजे बायकोच्या मृत्युपत्रात सगळं थेट नवऱ्याला नको, ट्रस्ट हवा, म्हणजे मालमत्ता विश्वस्तांच्या हाती, खर्च नवऱ्यासाठी.

नवरा अजून समजून सही करतोय, डॉक्टरही तसं लिहून देतात? मग कोर्ट नाकाच, याच आठवड्यात.