साडेअडतीस हजारांचे दिवे

आधीच सांगते, मी अडाणी नाही. डोंबिवलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात चौदा वर्षं लोकांची बिलं तपासतेय. कुठल्या बिलावर जीएसटी नंबर नाही, कुठे तारीख मागची टाकलीय, हे मला कागद हातात घेतल्या घेतल्या कळतं. आणि त्याच हातांनी मी १२ ऑक्टोबर २०२४ ला, ऐन दसऱ्याला, ३८,५०० रुपये मोजून एक कच्चा कागद घरी आणला. वर छापलेलं ‘एस्टिमेट’, खाली बॉलपेनाने एकच ओळ : ‘गेमिंग पीसी आय सेव्हन, १ नग’. आय सेव्हन म्हणजे इंटेल कंपनीचा प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू. हसायचं तर हसून घ्या. माझ्या भावाने हसून घेतलंय, आता लोकांच्या हसण्याचं काही वाटत नाही.

मुलाला दहावीत ८९ टक्के मिळाले तेव्हा कबूल केलं होतं, दसऱ्याला कॉम्प्युटर. त्याला गेम खेळायला हवा होता, मला वाटलं बारावीपर्यंत अभ्यासालाही होईल. मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जा, असं दोघा-तिघांनी सांगितलं होतं. पण दादरला गाडी बदला, ग्रँट रोडला उतरा, येताना कॉम्प्युटरचा तो काचेचा डबा घेऊन लोकलमध्ये चढा. आमच्या ह्यांची कंबर धरलेली. घरापासून दहा मिनिटांवर एक दुकान होतं, त्याचे रील मुलाने दाखवले होते. निळे-जांभळे दिवे, खाली ‘आय सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स, विंडोज ११, फक्त ३८,५००’. दुकानदार पंचविशीतला, गोड बोलणारा. ‘ताई, तुम्ही बसा, चहा घ्या.’ मी बसले, चहा घेतला.

बिलाचं विचारलं होतं मी! ते विचारल्याशिवाय मला झोप येत नाही. तो म्हणाला, ‘पक्कं बिल देतो ना, फक्त अठरा टक्के वर लागतील.’ म्हणजे ६,९३० रुपये. सांगितलेला भाव कर धरून आहे का ते आधी विचारा, हे मी रोज दुसऱ्यांना सांगते. त्या दिवशी मनात काय आलं? ६,९३० मध्ये खुर्ची येईल. खुर्ची आली नाही. पाच हजार आगाऊ यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नावाने नव्हे, कुणा बाईच्या नावाच्या खात्यावर. उरलेले ३३,५०० रोख. खात्यावरचं नाव पाटीवरच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा, पुढचं काही ऐकूच नका.

आता तो क्षण. रोज रात्री भांडी घासताना आठवतो.

तो दुकानदार पोरगा मशीन घेऊन घरी आला. आमच्याकडे जुना मॉनिटर होता, निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलचा. मला धास्ती, की नव्या ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या भागाला, ही केबल बसेल का, का आणखी हजार-पाचशेचा खड्डा. त्याने मागे ग्राफिक्स कार्डातच ती निळी केबल खुपसली, दोन स्क्रू आवळले, चित्र आलं. ‘बघा ताई, खर्च वाचवला तुमचा.’ मी इतकी खूश झाले की त्याच्या हातावर श्रीखंडाची वाटी ठेवली.

जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलेल्या त्या कार्डाला व्हीजीएचं भोक असूच शकत नाही. ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने १०-मालिकेतून तो जुना सिग्नलच काढून टाकला. शिवाय खरं १०५० टीआय ७५ वॅटवर चालतं, बहुतेक कार्डांना वेगळी वीजवायर लागतही नाही. माझ्या कार्डात सहा टोकांची वायर घुसवलेली होती, काचेतून लख्ख दिसत होती, वर लाल दिवा पडत होता. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी श्रीखंड वाढत होते.

माझ्या बाजूने एवढंच म्हणेन की मी कॉम्प्युटरलाच विचारलं होतं. त्या पोराने डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली आतल्या भागांची यादी, उघडून दाखवला, तिथे स्वच्छ लिहिलं होतं जीटीएक्स १०५० टीआय. यंत्र स्वतःचं नाव खोटं सांगेल, हे मला कसं कळणार? जाता जाता तो म्हणाला होता, ‘ड्रायव्हर ऑनलाइन अपडेट करू नका हां, स्क्रीन काळी पडते, मी टाकलाय तोच ठेवा.’ ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. मला ते आपुलकीने सांगितल्यासारखं वाटलं. हे वाक्य कुणी तुम्हाला सांगितलं तर कार्ड तिथल्या तिथे काढून परत द्या.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी व्हॅलोरंट नावाचा गेम टाकला. तो सुरूच होईना, टीपीएम (सुरक्षेची एक चिप) नाही म्हणून एरर. फोन केला. ‘दिवाळीची गर्दी आहे ताई, पाडव्यानंतर आणा, बायोस अपडेट करून देतो.’ बायोस म्हणजे यंत्राच्या आत कोरलेलं मूळ सॉफ्टवेअर. कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘बदली ७ दिवसांत’ छापलेलं होतं. दसरा ते पाडवा किती दिवस होतात ते मोजा. दुसरे गेम चालायचे, पण चित्र अडखळायचं, आणि रंगात आलं की मशीन फट्कन बंद. मी मुलालाच ओरडले, फार वेळ खेळतोस म्हणून.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, भाऊ-वहिनी आले. भाचा इंजिनिअरिंगला आहे. ओवाळणं झालं, ताट अजून पाटासमोरच, आणि हा मागे वाकून म्हणाला, ‘आत्या, ह्या कार्डाला व्हीजीए कसं?’ मग त्याने जीपीयू-झी नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाआधी चौकोनी कंसात ‘फेक’ असा शब्द आला. वहिनीने तो मोठ्याने वाचला. खाली चिपचं खरं घराणं दिसलं, फर्मी, म्हणजे जीटीएक्स ५५० टीआय. मार्च २०११ चं कार्ड. खऱ्या १०५० टीआयमध्ये काम करणारे ७६८ कोअर, यात १९२. जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्याला नवं नाव चढवतात, आणि हा धंदा इतका जुना आहे की त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी २०१८ मध्येच खोटी कार्डं ओळखण्याची सोय त्यात घातली. म्हणजे जगाला सहा वर्षं माहीत होतं. मला नव्हतं.

मग एकेक निघत गेलं. आय सेव्हन खरा होता, तेवढं खरं. आय सेव्हन २६००, दुसऱ्या पिढीचा, तोही २०११ चा. नाव आय सेव्हन असलं तरी पुढचा आकडा वाचायचा असतो : २६०० म्हणजे दुसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. बाराव्या पिढीचा साधा आय थ्री याला सहज मागे टाकतो. विंडोज ११ तर, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. दुकानदाराने ते आडमार्गाने घुसवलं होतं, म्हणून तो टीपीएमचा एरर. रॅम १६ जीबी, पण डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची.

पॉवर सप्लायवर, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्यावर, मोठ्या अक्षरात ५०० वॅट. भाच्याने खालचं बारीक लेबल वाचायला लावलं : १२ व्होल्टला १४ अँपिअर. गुणाकार मला येतो, १६८ वॅट. आणि प्रोसेसर ९५ चा, कार्ड ११६ चं. बेरीज २११. मशीन का बंद पडायचं ते कळलं, आणि मुलाला उगाच ओरडले तेही. पॉवर सप्लाय घेताना मोठा आकडा बघू नका, हा गुणाकार करा. आणि तो हातात धरून बघा. माझा पॉवर सप्लाय रिकाम्या टिफिनसारखा हलका होता.

भाचा म्हणाला, आत्या, एवढ्याच पैशात रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर बसला असता. त्याच्यातच बऱ्यापैकी ग्राफिक्स असतं, व्हॅलोरंट कार्डाशिवाय चालतो. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या घ्यायच्या, एक पट्टी नाही, नाहीतर आतलं ग्राफिक्स मार खातं. पॉवर सप्लाय चांगला घेऊन ठेवायचा आणि कार्ड दोन वर्षांनी टाकायचं. सगळं एकमेकांना झेपणारं. माझ्याकडे काय होतं? प्रोसेसरचं भारदस्त नाव, रॅमचा मोठा आकडा, काचेचा डबा आणि चार दिवे. रीलमध्ये जे दिसतं त्यावर खर्च केलेला, जे दिसत नाही तिथे भंगार. दिवे मात्र अजून उत्तम चालतात.

दुकानात गेले तर ताईचं ‘मॅडम’ झालं. ‘मॅडम, मी कुठे म्हटलं नवीन आहे? रिफर्बिश आहे सगळं.’ व्हॉट्सॲपवर त्याचाच मेसेज होता, ‘ब्रँड न्यू कार्ड’. दाखवला तर म्हणाला, परत घेतो, नऊ हजार देतो.

मग पोलीस चौकी. पहिल्या दिवशी ठाणे अंमलदार नाहीत. दुसऱ्या दिवशी होते, त्यांनी कागद उलटासुलटा करून विचारलं, ‘बिल कुठाय?’ म्हटलं, त्याने दिलं नाही. ‘तुम्ही घेतलं का नाही?’ काय सांगणार, खुर्ची घ्यायची होती? मग म्हणे दुकान दुसऱ्या हद्दीत. दुसऱ्या हद्दीत गेले तर हा दिवाणी मामला, कोर्टात जा. नवं म्हणून जुनं विकलं, नकली नाव चढवलं, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मी घरून वाचून गेले होते. कलमाचं नाव काढल्यावर ते जास्तच चिडले. सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी विचारलं, पैसे कसे दिले? पाच हजार यूपीआय, बाकी रोख, दुकानात जाऊन. ‘मग हे ऑनलाइन नाही, तुमच्या चौकीत जा.’ तीन रजा गेल्या माझ्या. शेवटी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली, तीही कॉम्प्युटरच्या ठिकाणी ‘संगणक खेळणे’ असं लिहून. आणि तिथला एक हवालदार, माझ्या मुलाच्या वयाचा मुलगा असेल त्याला, मला म्हणतो, ‘बाई, गेम कशाला, पोराला अभ्यासाला बसवा.’ ३८,५०० गेले ते बाजूला, माझे संस्कार काढले!

जीएसटीकडे तक्रार करता आली असती. पण बिनबिलाचा माल घेणारी मीच, आणि ते आमच्या सरांच्या कानावर गेलं असतं. अजून गेलेलं नाही. हे लिहिताना नाव घालत नाही ते त्यासाठीच.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हे कळलं तेव्हा चौकीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, चार महिने उशिरा. पुरावा म्हणून यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचा मेसेज, जीपीयू-झीच्या पडद्याचा फोटो आणि ते एस्टिमेट. दुकानदाराशी फोनवर बोलू नका, सगळं लिहून विचारा. माझ्याकडे तो एक मेसेज नसता तर काहीच नसतं. आणि पैसे द्यायच्या आधी, दुकानातच, त्याच्याच खुर्चीत बसून जीपीयू-झी आणि प्रोसेसर तपासणारं तसंच सीपीयू-झी चालवा. दहा मिनिटं लागतात. तो ‘गर्दी आहे’ म्हणाला तर उठा.

लॅमिंग्टन रोडला शेवटी गेलेच, मशीनची किंमत विचारायला. एका गाळेवाल्याने काचेतून बघूनच साडेसहा हजार सांगितले, त्यातले बरेचसे डब्याचे. विकता येत नाही, पुरावा आहे. मुलगा माझ्या ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर फिजिक्सचे व्हिडिओ बघतो. निळी केबल मी काढून माळ्यावर टाकली होती, तीही पुराव्यात लागेल म्हणून परत खाली आणलीय.