एअर बेड घेतला, पण रात्रीचा गजर काही सुटला नाही

आईला स्ट्रोक आला, डावी बाजू पूर्ण गेली. डिस्चार्जच्या वेळी सिस्टर म्हणाल्या दर दोन तासांनी कूस बदलायची, मी हो हो केलं, दोन तासांनी म्हणजे रात्रीपण हे घरी आल्यावर डोक्यात शिरलं.

जो तो सांगत होता वॉटर बेड आण. सर्जिकलवाला म्हणाला तो भरला की हलत नाही, त्यापेक्षा हवेचा घ्या. २४०० रुपयांना पंपासकट मिळाला. छोटे छोटे फुगे असतात, आळीपाळीने फुगतात नि बसतात, म्हणजे अंगाच्या एकाच जागी सतत दाब राहत नाही. पंपाची घरघर दोन रात्री ऐकू येते मग सवय होते. आई पहिल्या दिवशी तोंड वाकडं असतानाही म्हणाली, मला काय पाळण्यात घातलंस का रे.

खोक्यावर लिहिलंय बेडसोरपासून (एकाच जागी पडून दाबाने होणाऱ्या जखमांपासून) मुक्ती. ते वाचून मी पहिल्या आठवड्यात बिनधास्त झोपलो राव, चूक माझीच. वर मावशीने मायेने जाड गोधडी अंथरलेली, बाईंना गार लागेल म्हणून, आणि पंपाची एक नळी कधी निसटली कुणाला पत्ता नाही. सकाळी पुसायला घेतलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग, बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. फिजिओताई बघून म्हणाल्या बेडसोरची हीच पहिली पायरी असते, नशीब चामडी शाबूत आहे.

तेव्हापासून गोधडी बंद, एकच पातळ सुती चादर, तीपण सैल. झोपायच्या आधी गादीखालून माकडहाडाच्या सरळ रेषेत हात घालून बघतो, वर इंचभर तरी हवा लागली पाहिजे, नाहीतर आई सरळ पलंगावर टेकलीये समजायचं. प्रेशरचा नॉब वजनाप्रमाणे लावायचा, फुल करून ठेवला तर गादी दगड होते. टाचांना मात्र हिचा भरवसा नाही, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवतो. आणि गजर लावून कूस बदलतोच, १२, २, ४.

लाईट गेली की पंप बंद, हवा हळूहळू उतरते, आमच्याकडे उन्हाळ्यात हे नेहमीचंच, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घेतला. पंप अडकवायचा प्लास्टिकचा हूक महिन्यात तुटला, आता सुतळीने बांधलाय.

डाग आठ दिवसांत गेला. चार स्टार, एक खोक्यावरच्या त्या ओळीसाठी कापला.