बिदरीचा पानडबा : चौदा महिने रोज वापरल्यानंतर

"मॅडम, शोपीस आहे तो. वापरायला नसतो."

विक्रेत्याचं हे वाक्य फोनवर ऐकलं तेव्हाच ठरवलं होतं की या डब्याबद्दल सविस्तर लिहायचं. त्या दिवशी लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता. मधल्या काळात माझं मत दोनदा बदललं, मार्चमध्ये, हे काम जिथं होतं त्या कर्नाटकातल्या बिदरला स्वतः जाऊन आले, म्हणून आता लिहिते.

बिदरी म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी, एवढं बहुतेकांना माहीत असतं. आमचा डबा गोल, सात इंची, झाकण घुमटासारखं, त्यावर बारीक तारेची वेल आणि कडेनं अशर्फीची बुट्टी. घरच्या काट्यावर वजन १ किलो ३०० ग्रॅम भरलं. सोलापुरात दसऱ्याच्या आधी हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं घेतला. सांगितले १६,५००, घासाघीस करून १४,८०० दिले. घरात पानाच्या डब्यावर इतके पैसे कुणी कधी घातले नव्हते. माझ्या नवऱ्यानं तर दोन दिवस तो विषयच काढला नाही, त्यावरून काय ते समजले.

घेतला तो अव्वांसाठी. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८१, माहेर अक्कलकोटकडचं. चादरीच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं कांड्या भरल्या. दुपारच्या जेवणानंतर एक विडा आणि रात्री एक, याखेरीज स्वतःची म्हणून त्यांना कसली हौस नाही. त्यांचा जुना स्टीलचा डबा कोचलेला, बिजागरी निखळलेली, दोऱ्यानं बांधलेली. प्रदर्शनात त्यांनी या डब्याचं झाकण उचललं, ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं. जाड धातूचं झाकण बसताना 'टक्' असा भरीव आवाज येतो. तो आवाज त्यांनी तीनदा ऐकला आणि काही न बोलता पुढच्या स्टॉलकडे गेल्या. मी मागं थांबले.

पहिला महिना डब्याचा फार आनंद झाला. दिवाळीच्या आधी एका रात्री वीज गेली होती. समईच्या उजेडात काळा रंग अंधारात मिसळून गेला आणि नुसती चांदीची वेल तेवढी हवेत उभी राहिली. अव्वांनी नातवाला हाक मारून दाखवली. तेव्हा वाटलं, पैसे फिटले.

पाचव्या आठवड्यात डाग दिसला.

झाकणाच्या पुढच्या कडेला, वेलीच्या दोन पानांमध्ये, जुन्या आठ आण्याएवढी जागा राखाडी झाली होती. बाकी सगळं झाकण काळंभोर आणि नेमकी तेवढीच जागा फिकी. कुणी म्हणेल, एवढ्याशा डागाचं काय घेऊन बसलात. पण माझी नजर डब्यावर गेली की आधी तिथंच जायची. बिदरीची सगळी गंमत काळ्यावर पांढरं उठण्यात आहे. काळं गेलं की चांदी पण गेल्यासारखीच दिसते.

तीन दिवस अव्वांकडे लक्ष ठेवलं. पानाला चुना लावायचा तो अंगठ्यानं, आणि झाकण दाबायचं तेही त्याच अंगठ्यानं, रोज दोनदा, त्याच जागी. म्हणजे कारण कळलं. पण कारण कळल्यावर दुसरी शंका आली : काळा रंग नुसता वरून फासलेला तर नाही? सोलापुरी चादरीच्या नावावर कुठल्या कुठल्या चादरी विकल्या जातात हे आपण सोलापूरकर रोज बघतो. चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, बिदरीलाही २००६ पासून आहे, पण जीआय असला म्हणून प्रत्येक स्टॉलवरचा माल खरा असतो असं नाही.

बिलावरच्या नंबरवर फोन केला. विक्रेता बाहेरगावचा, त्याचं नाव इथं लिहीत नाही. स्टॉलवर "लाइफटाइम काही होत नाही" म्हणणारा हाच माणूस. डागाचा फोटो पाठवला, तेव्हा उलट मलाच विचारतो, "तुम्ही त्यात पान ठेवता?"

मी म्हटलं, "पानडबा म्हणून विकलात ना?"

त्यावर ते शोपीसचं वाक्य आलं. बिलावर 'बिदरी बॉक्स' लिहिलंय, पानडबा लिहिलेलं नाही, हे पण त्यानंच दाखवून दिलं. नंतर फोन उचलणं बंद.

मला खरा राग आला तो इथं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरीचं एक मोठं दालन आहे, मी पाहिलंय. हुक्क्याची भांडी, सुरया, पानदानं, हात धुवायची तस्तं. सगळ्या रोजच्या वापराच्या वस्तू. नवाबाच्या घरचा वापर असेल, पण वापरच. ज्या वस्तूला वापरायचंच नाही, तिला झाकण कशाला, आतून पोकळ कशाला?

याच सुमारास पुण्याचा भाचा आला होता. त्यानं मोबाइलवर दाखवलं : टिफनी या अमेरिकन कंपनीनं २०१७ मध्ये रोजच्या वस्तू चांदीत काढल्या होत्या. टोमॅटोचा रस येतो तसला पत्र्याचा डबा, पण चांदीचा, किंमत हजार डॉलर. कागदी कपासारखे दिसणारे चिनी मातीचे कप. आणि धाग्याचा गुंडा, तोही चांदीचा, नऊ हजार डॉलर. अव्वांनी तो गुंडा बराच वेळ पाहिला. ज्या हातांनी बावीस वर्षं सूत गुंडाळलं त्यांनी विचारलं, "ह्याचा धागा सुटतो का?" सुटत नाही म्हटल्यावर त्यांनी मोबाइल परत दिला.

मला तो गुंडा सुंदर वाटला, नाही म्हणणार नाही. फक्त तिथं साध्या वस्तूचा आकार घेतलाय आणि काम सोडून दिलंय. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. माझ्या डब्याचं तसं नाही. मला काम आणि कला दोन्ही सांगून विकलं आणि काम केल्यावर हात वर केले.

आता माझी चूक. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी घासायला काढली. कामाला येणाऱ्या मावशींनी चिंच-मिठाचा हात डब्यालाही मारला. त्यांना मी सांगितलंच नव्हतं, दोष त्यांचा नाही. चांदी लखलखली आणि अर्धं झाकण राखेच्या रंगाचं झालं. ते पाहून रडू आलं. त्याच दिवशी आतून पाहिलं तर तळाला पांढरी भुकटी. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं आम्ही सरळ धातूवर ठेवत होतो.

मग थोडी माहिती काढली. हा धातू म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं. प्रमाण साधारण सोळास एक. जस्ताला आंबट चालत नाही, चुना चालत नाही आणि ओल साचलेलीही चालत नाही. यातली एक ओळ चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकली असती तर? विक्रेत्याला दोन मिनिटं लागली नसती. म्हणजे डाग पडला तो आमच्या हातानं, हे मी मान्य केलं. त्याच्यावरचा राग मात्र तसाच राहिला, आजही आहे.

मोडीत किती येतील हेही एका सराफाला विचारून आले. मला वाटलं होतं, चांदी आहे, काही ना काही परत मिळेल. त्यानं भिंग लावून पाहिलं. म्हणाला, "ताई, ही तार काढायला जेवढी मजुरी जाईल तेवढी तिची किंमत नाही. तुम्ही कारागिरीचे पैसे दिलेत." आपल्याकडे चांदीचं भांडं म्हणजे अडीअडचणीला मोडायची सोय. बिदरी तशी नाही, हे घेणाऱ्यानं आधीच मनाशी पक्कं करावं.

मार्चमध्ये बिदरला गेलो. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद करत चार-साडेचार तास लागतात. अव्वा हट्टानं बरोबर आल्या. जुन्या गावात एका कारागिरांकडे गेलो. त्यांनी डबा हातात घेतला, नखानं कड चाचपली आणि म्हणाले, माल खरा आहे, काम चांगलं आहे, बिदरचंच आहे. माझी निम्मी चिंता तिथंच मिटली. अव्वा त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत होत्या, ते दखनीत उत्तर देत होते, आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. मी शोपीसची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "पानदान में पान नै रखे तो क्या रखते अम्मा?"

मग जे पाहिलं त्यासाठी मी परत एकदा एवढा प्रवास करीन.

त्यांनी झाकण घासायला घेतलं. डाग तेवढा घासतील असं मला वाटलं होतं, त्यांनी अख्खं झाकण घासलं. घासता घासता उरलंसुरलं काळंही गेलं आणि झाकण सगळं एकसारखं पांढुरकं झालं. वेल दिसेना, बुट्टी दिसेना. चांदी कुठली आणि जस्त कुठलं, काही कळेना. अव्वा एकदम म्हणाल्या, "अय्यो, नक्षी गेली!" माझ्याही पोटात गोळा आला होता. ते हसले नाहीत, हात न थांबवता नुसतं "थांबा" म्हणाले. मधेच एका पानाची तार कडेला उठलेली सापडली, ती छोट्या हातोडीनं ठोकून बसवली. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

नंतर त्यांनी स्वतःच्या एका डब्यातली माती काढली. बिदरच्या किल्ल्यातली, जिथं वर्षानुवर्षं ऊनपाऊस पोचलेला नाही अशा जागेची. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. बरी माती चवीनं ओळखू येते म्हणे. त्यात नवसागर आणि पाणी घालून चिखल केला, झाकण शेगडीवर गरम केलं आणि तो चिखल चोळायला लागले. आणि काळं वर यायला लागलं. आधी कडेनं, मग मध्ये, बघता बघता शाईसारखं काळं. चांदीला ती माती काहीच करत नाही, म्हणून त्या काळ्यातून वेल एकेक पान करत पुन्हा उभी राहिली. पाण्यानं धुतलं, तेलाचा हात फिरवला. अव्वांचे डोळे भरून आले होते. माझ्या डोक्यात मात्र एकच विचार चालला होता : फासलेला रंग नव्हताच तो. धातूच काळा होतो. म्हणजे हजारदा गेला तरी हजारदा आणता येईल.

सगळ्याचे पाचशे रुपये घेतले. मी जास्त देऊ केले, घेतले नाहीत. बहामनी सुलतानांच्या काळापासून बिदरमध्ये हे काम चालत आलंय. २०२३ मध्ये इथल्याच बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री मिळाली, ते त्यांनी घरच्या माणसाचं कौतुक सांगावं तसं सांगितलं. निघताना काळजी कशी घ्यायची तेही सांगितलं. कोरडं ठेवा, मऊ सुती फडक्यानं पुसा, पंधरा दिवसांनी खोबरेल तेलाचा थेंबभर हात फिरवा, चांदी मळली तरी पावडर-चिंच-लिंबू काही लावू नका.

तेव्हापासून आमच्याकडे अशी व्यवस्था आहे. आत चार छोट्या स्टीलच्या वाट्या बसवल्यात : कात, सुपारी, लवंग-वेलदोडा, बडीशेप. चुना वेगळ्या पितळी चुनाळ्यात, डब्याच्या बाहेर. पानं ओल्या फडक्यासकट जुन्या स्टीलच्या डब्यात, तो मी टाकू दिला नाही. अडकित्ता डब्यात मावत नाही, ही तक्रार पहिल्या दिवसापासून आहे आणि राहील. सात इंची घेताना हे तपासा, नऊ इंची मिळाला तर तोच घ्या. पांढरी भुकटी परत आलेली नाही. मे महिन्याच्या उन्हाळ्यात चांदी थोडी पिवळट पडली होती, फडक्यानं निघाली.

घ्यावा का, असं विचाराल तर, कपाटात काच लावून ठेवायचा असेल तर तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही. वापरायचा असेल तर जरूर घ्या, पण शक्यतो बिदरला जाऊन, करणाऱ्याच्या हातून. बिलावर वस्तूचं खरं नाव लिहून घ्या, म्हणजे पानडबा असेल तर पानडबाच.

अंगठ्याचं काय केलं, ते राहिलंच. अव्वांना फडकं दिलं होतं, हात पुसून झाकण लावा म्हणून. चार दिवस लावलं. ८१ वर्षांच्या बाईला मी किती वेळा सांगू? काल पाहिलं तर दोन पानांमध्ये, जुन्याच जागी, राखाडी झाक दिसायला लागली आहे. मी म्हटलं, "अव्वा, उन्हाळ्याच्या आधी बिदरला जाऊन येऊ या का?"

त्यांनी डबा उजेडाकडे धरून नीट पाहिला. म्हणाल्या, "एवढ्यात नको. जरा मोठा होऊ दे डाग. पाचशे रुपये द्यायचे तर पुरतं काम करून घेऊ."